नळी कडक होते, टाचेला भेगा पडतात

"नळी तर व्यवस्थित चालू आहे, मग बदलायची कशाला?" अर्धांगवायूचा झटका आलेला रुग्ण इस्पितळातून घरी आणलेला असतो, त्याला गिळता येत नाही म्हणून नाकातून जठरापर्यंत नळी घातलेली असते, अशा घरांत हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. विचारणाऱ्याचे काही चुकते असे नाही. नळीतून दूध जाते, पेज जाते, औषध जाते. नळी तुंबलेली नाही, गळत नाही. मग पुन्हा खर्च कशाला आणि म्हाताऱ्या माणसाला पुन्हा त्रास कशाला, असे घरच्यांना वाटणारच.

उत्तर एका वाक्यात द्यायचे तर, नळी चालू असली तरी ती पूर्वीसारखी मऊ राहिलेली नसते. पण एवढ्याने कोणाचे समाधान होत नाही, आणि होऊही नये. मऊ नळी पोटात राहून कडक कशी होते? हे नीट समजून घ्यायचे तर प्लॅस्टिक आणि रबर म्हणजे काय, त्यांच्या आत काय चाललेले असते, हे थोडे पाहावे लागेल. वाचकहो, विषय रसायनशास्त्राचा वाटला तरी कंटाळू नका. तो आपल्या टाचेपर्यंत येऊन पोचणार आहे.

घरातली मेणबत्ती आणि दुधाची पॉलिथिनची पिशवी हातात घ्या. दोन्हींची घडण जवळजवळ एकच, कार्बन आणि हायड्रोजन यांच्या कड्या एकापुढे एक जोडून झालेली साखळी. फरक लांबीचा. मेणाच्या एका साखळीत कार्बनचे २० ते ४० अणू असतात, पॉलिथिनच्या साखळीत हजारो. म्हणून मेणबत्ती वाकवली की कटकन मोडते आणि पिशवी ताणली तरी तुटता तुटत नाही, कारण लांब साखळ्या एकमेकींत गुंतलेल्या असतात. अशा लांबच लांब साखळ्यांच्या पदार्थांना पॉलिमर म्हणतात, विज्ञानाच्या मराठी पुस्तकांत त्यांना बहुवारिक असा शब्द आहे. प्लॅस्टिक, रबर, नायलॉन हे पॉलिमर, तसेच कापूस, रेशीम, आपले केस, नखे आणि कातडीही. इतके लांब रेणू असू शकतात हे जर्मनीच्या हेरमान श्टाउडिंगर यांनी १९२० साली मांडले तेव्हा त्यांच्याच क्षेत्रातल्या अनेक मोठ्या लोकांनी ते मानले नाही. १९५३ साली त्याच कामासाठी त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

आता मुख्य गोष्ट. या साखळ्या स्वस्थ बसलेल्या नसतात. गांडूळखताचा खड्डा ज्यांनी पाहिला आहे त्यांच्या डोळ्यांपुढे चित्र लगेच उभे राहील. शेकडो गांडुळे एकमेकांत गुंतलेली, प्रत्येकाची वळवळ चालू. पदार्थाच्या आत साखळ्यांचे तुकडे असेच सतत वळवळत असतात. उष्णता वाढली की वळवळ वाढते, उष्णता कमी झाली की मंदावते. एका ठरावीक तापमानाच्या खाली ती इतकी मंदावते की साखळ्या जागच्या जागी गोठल्यासारख्या होतात. त्या उंबरठ्याच्या खाली पदार्थ काचेसारखा कडक वागतो, वर गेला की मऊ आणि लवचिक. शास्त्रज्ञ याला काच-संक्रमण म्हणतात. बर्फाचे पाणी होण्यासारखा हा प्रकार नव्हे. पदार्थ वितळत नाही, फक्त आतल्या हालचालीला मोकळीक मिळते किंवा ती मोकळीक जाते.

प्रत्येक पॉलिमरचा उंबरठा वेगळा. झाडाच्या चिकापासून केलेल्या रबराचा शून्याखाली सुमारे ७० अंश सेल्सिअस, म्हणून आपल्याकडच्या कोणत्याही थंडीत रबर रबरच राहते. शेतात पाण्यासाठी टाकतात त्या पीव्हीसी पाइपाचा उंबरठा सुमारे ८० अंशांवर, म्हणून तो कडक. पण आपले शेतकरी पाइपाचे तोंड जाळावर शेकून दुसऱ्या पाइपावर चढवतात. शेकल्यावर तोच पाइप मऊ पडतो, निवल्यावर नव्या आकारात पुन्हा कडक. हा उंबरठा ओलांडणे आणि परत येणे आपले शेतकरी शास्त्राचे नाव न घेता रोज करत असतात.

रबराच्या बाबतीत एक गंमत घरी करून पाहता येते. रुंदसा रबर बँड झटकन ताणा आणि लगेच वरच्या ओठाला लावा. तो किंचित गरम लागतो. थोडा वेळ ताणून धरा, मग एकदम सैल सोडून पुन्हा ओठाला लावा. आता गार लागतो. हा प्रयोग इंग्लंडमधल्या जॉन गॉफ यांनी १८०५ साली प्रसिद्ध केला. गॉफ लहानपणीच देवीच्या रोगाने आंधळे झाले होते आणि रबराची ही ऊब त्यांनी ओठानेच टिपली. (देवीचा रोग आता जगातून गेला, पण त्याने किती डोळे नेले हे नव्या पिढीला माहीत नाही.) ताणल्यावर वेड्यावाकड्या साखळ्या सरळ ओळीत येतात, त्यांच्या वळवळीला जागा उरत नाही, तेव्हा उष्णता बाहेर पडते. सैल सोडल्यावर त्या पुन्हा वाकड्यातिकड्या होऊ लागतात आणि उष्णता आत घेतात. रबर आखडते ते याच वळवळीच्या ओढीने. साखळ्या एकमेकींवरून घसरून कायमच्या दूर जाऊ नयेत म्हणून गंधकाच्या गाठी मारलेल्या असतात. ती युक्ती अमेरिकेत चार्ल्स गुडइयर यांना १८३९ साली सापडली.

आता आपल्या नळीकडे येऊ. नाकातून घालायची साधी नळी, सलाइनची नळी आणि रक्ताची पिशवी या बहुधा पीव्हीसीच्याच असतात, म्हणजे शेतातला पाइप आणि सलाइनची नळी ही सख्खी भावंडे. हे सांगितले की लोक चकित होतात. एक इतका कडक, दुसरी इतकी मऊ कशी? तर नळी करताना त्यात एक तेलकट द्रव मिसळतात, बहुधा थॅलेट जातीचा, आणि तोही थोडाथोडका नव्हे, बऱ्याचदा वजनाच्या ३० ते ४० टक्के. या तेलाचे लहान रेणू साखळ्यांच्या मध्ये शिरतात, त्यांना एकमेकींपासून जरा दूर ठेवतात आणि वळवळायला जागा करून देतात. ८० अंशांवरचा उंबरठा त्यामुळे खोलीच्या तापमानाच्याही खाली येतो आणि नळी मऊ होते.

पण हे तेल साखळ्यांना बांधलेले नसते, नुसते मध्ये शिरून बसलेले असते. जे शिरू शकते ते निघूही शकते. नळी जठरात पडून राहते तिथे ३७ अंशांची ऊब असते, जठररस असतो आणि दिवसातून पाच-सहा वेळा दूध जाते, ज्यात स्निग्धांश आहे. तेल तेलाकडे ओढले जाते. दिवसामागून दिवस ते झिरपत राहते, साखळ्या पुन्हा जवळ येतात, वळवळ कमी होते आणि नळी पाइपाच्या गुणावर जाते. मी बदलायला काढलेली नळी घरच्यांच्या हातात देतो आणि नवीन नळीही देतो. पोटात राहिलेले टोक बोटांनी वाकवून पाहा म्हणतो. एका घरी सूनबाई म्हणाल्या, "डॉक्टर, ही तर झाडूच्या काडीसारखी झाली की हो!" त्यानंतर त्या घरात नळी कधी बदलायची हे मला सांगावे लागले नाही, त्याच मला आठवण करत.

अशी कडक नळी नाकपुडीच्या कडेला, घशाला आणि जठराच्या अस्तराला घासते. रुग्णाला बोलता येत नसेल तर तो सांगणार कसा? नाकाशी लाल चट्टा, नळीतून काळपट किंवा रक्ताळलेला स्राव, रुग्ण सारखा हात नळीकडे नेतो, या खुणा घरच्यांनी ओळखायच्या. पीव्हीसीची नळी किती दिवस ठेवायची हे पाकिटावर छापलेले असते, सहसा तो हिशेब दिवसांचा असतो, महिन्यांचा नाही. पाकीट फेकू नका आणि नळी घातल्याची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.

ज्यांना नळी दीर्घकाळ लागणार त्यांच्यासाठी पॉलियुरेथेनच्या किंवा सिलिकोनच्या नळ्या मिळतात. सिलिकोनची साखळी कार्बनची नसून सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांची असते आणि तिच्या कड्या इतक्या सैल फिरतात की तिचा उंबरठा शून्याखाली १२० अंशांच्याही पलीकडे आहे. मऊ राहायला तिला उसन्या तेलाची गरज नाही, म्हणून तेल निघून जाण्याचा प्रश्नही नाही. या नळ्या महागड्या असतात खऱ्या, पण चार ते सहा आठवडे आणि पुष्कळदा त्याहून जास्त राहतात. दर थोड्या दिवसांनी नवी नळी, डॉक्टर किंवा नर्स घरी बोलावण्याचा खर्च आणि दर वेळी रुग्णाच्या नाकाघशाला होणारा त्रास, हा सगळा हिशेब मांडून मग ठरवावे. माझे मत विचाराल तर महिन्याच्या वर नळी लागणार असेल तर सुरुवातीलाच चांगली नळी घ्यावी. एक मात्र पक्के लक्षात ठेवा. नळी बाहेर आली तर घरच्या घरी परत ढकलू नका. ती श्वासनळीत गेली आणि वरून दूध सोडले तर जिवावर बेतते.

साखळ्या वळवळतात तेव्हा त्यांच्यामध्ये क्षणभर फटी पडतात आणि बुजतात. त्या फटींतून लहान रेणू ये-जा करतात. वाढदिवसाला फुगवलेला फुगा दुसऱ्या दिवशी मलूल होतो. गाठ घट्ट असली तरी हवा रबरातूनच हळूहळू बाहेर पडते. याच वाटेने तेल रबराच्या आत शिरते, साखळ्यांना फुगवते आणि रबर कमकुवत करते. येथे थोडे स्पष्ट लिहितो, संकोचापायी हे सांगायचे राहून जाते आणि त्याची किंमत मोठी असते. निरोध साध्या रबराच्या चिकाचा असतो. त्याला खोबरेल तेल, व्हॅसलीन किंवा मालिशचे तेल लावले तर काही मिनिटांतच त्याची ताकद घटते आणि तो फाटू शकतो. पाण्यात मिसळणारे वंगण चालते, कारण पाणी रबरात सहजी शिरत नाही. नको असलेली गर्भधारणा आणि एड्ससारखा आजार टाळण्यासाठी वापरलेली वस्तू तेलाच्या चार थेंबांनी निकामी होऊ नये.

उकळता चहा पातळ पिशवीत बांधून नेण्याची पद्धत अजून गेलेली नाही. प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर महाराष्ट्रात २०१८ साली बंदी आली, तरी टपरीवर हे दृश्य दिसतेच. उष्णतेने साखळ्यांची हालचाल वाढते, प्लॅस्टिकमध्ये मिसळलेले लहान रेणू चहात उतरण्याचा वेग वाढतो. गरम आमटी, गरम तेलातली भजी यांचेही तेच. त्याला स्टीलचा डबा किंवा किटली बरी. मात्र याची धास्ती घेऊन कोणी सलाइन किंवा रक्त घ्यायचे नाकारू नये. पीव्हीसीतले थॅलेट नवजात मुलग्यांना, विशेषतः ज्यांना बरेच दिवस नळ्यांवर ठेवावे लागते अशांना अपाय करू शकते, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००२ साली दिला आणि अशा बाळांसाठी शक्य तिथे दुसऱ्या नळ्या वापराव्यात असे सुचवले. त्याच सूचनेत गरजेचे उपचार मात्र थांबवू नयेत असेही म्हटले होते.

उष्णतेने साखळ्या मोकळ्या होतात, तेलाने होतात. तिसरे मऊ करणारे द्रव्य आपल्या सर्वांच्या घरात आहे, ते म्हणजे पाणी. कोरडी कणीक आणि भिजवलेली कणीक यांतला फरक गृहिणींना सांगायला नको. कणकेतल्या प्रथिनांच्या साखळ्यांना पाणी मोकळे करते. पुरणपोळीची कणीक तिंबून, झाकून ठेवली की लाटताना आखडत नाही, कारण ताणलेल्या साखळ्यांना वळवळून सैल व्हायला वेळ मिळालेला असतो. सुती कपड्यावर पाणी शिंपडून इस्त्री करतात तीही याचसाठी. आणि नखे आंघोळीनंतर कापावीत असे घरातली वडीलधारी माणसे सांगत, त्यात शास्त्र आहे. नखांतल्या केरॅटिनच्या साखळ्यांत पाणी शिरले की ती मऊ होतात, तडकत नाहीत. केरॅटिनमध्येही गंधकाच्या गाठी असतात बरे का, रबरासारख्याच. केस जळाल्यावर वास येतो तो त्या गंधकाचा.

टाचेची वरची कातडी हेच केरॅटिन, पण जाड थराचे. टाचेला घाम येतो, पण तेलाच्या ग्रंथी तिथे नसतात. त्यातून आपल्याकडची कोरडी हवा, अनवाणी किंवा मागून उघड्या चपलांनी चालणे, तासन्‌तास उभ्याने काम. कातडीतले पाणी उडून जाते, साखळ्या गोठल्यासारख्या होतात. मग आपण टाचेवर भार टाकतो, टाच दोन्ही बाजूंना पसरू पाहते, कातडी ताणली जात नाही, ती फाटते. हीच भेग.

लोक भेगांवर तेल चोळतात आणि गुण येत नाही म्हणतात. १९५२ साली अमेरिकेतील संशोधक आयर्विन ब्लँक यांनी पायाच्या घट्ट्याचे वाळलेले तुकडे घेऊन पाहिले. नुसत्या तेलात बुडवून ते कडकच राहिले, पाणी मिळाल्यावर मऊ झाले. कातडीला मऊपणा देते ते पाणी. मग तेलाचा उपयोग काय? आत गेलेले पाणी उडू न देणे, झाकण घालणे. म्हणून क्रम महत्त्वाचा. रात्री झोपताना कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटे पाय बुडवावेत, वज्रीने हलक्या हाताने मेलेली कातडी काढावी, पाय नुसते टिपावेत आणि कातडी ओलसर असतानाच व्हॅसलीन किंवा कोकमाचे तेल लावून सुती मोजे घालावेत. कोकणातल्या म्हाताऱ्या भिरंडेल लावतात ते उगीच नाही, ते घट्ट असल्याने टाचेवर टिकून राहते. युरिया असलेली मलमे मिळतात, युरिया पाण्याला धरून ठेवतो, तीही चांगली. कोरड्या टाचेवर दुपारी तेल चोळून अंगणात हिंडणे म्हणजे रिकाम्या हंड्यावर झाकण घालणे.

हे सगळे मधुमेह नसलेल्यांसाठी. मधुमेह्यांनी पाय पाण्यात बुडवून बसू नये. पायाची संवेदना कमी झालेली असली तर पाणी किती कढत आहे हे कळत नाही, आणि फार वेळ भिजलेली कातडी फुगून नाजूक होते. त्यांनी पाय नेहमीसारखे धुवावेत, बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्यात, टाचेला मलम लावावे, बेचक्यांत लावू नये. वज्री, ब्लेड, कुरूप काढायची औषधी पट्टी यांना हात लावू नये. मधुमेह्याच्या टाचेची भेग ही जंतूंना उघडी दारे आहेत. पाय कापावा लागलेल्या रुग्णांची हकीकत विचारली तर सुरुवात पुष्कळदा अशा एका भेगेपासून किंवा चपलेच्या खिळ्यापासून झालेली असते. भेग खोल असेल, भोवती लाली असेल, पाणी येत असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

हालचालीचा हा गुण वैद्यकाने स्वतःच्या कामालाही लावला आहे. शिरेत घालायच्या पॉलियुरेथेनच्या बारीक नळ्या बाहेर ताठ असतात म्हणून सुईबरोबर आत जातात, आणि रक्ताच्या उबेने मऊ पडतात म्हणून शिरेला कमी टोचतात. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत डोळ्यात बसवायचे पहिले भिंग लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात हॅरॉल्ड रिडली यांनी १९४९ साली बसवले, ते कडक ॲक्रिलिकचे होते. त्याची घडी घालता येत नसे, म्हणून डोळ्याला छेद मोठा घ्यावा लागे. आताची घडीची भिंगे दोन-तीन मिलिमीटरच्या छेदातून आत जातात. त्यांतल्या काही ॲक्रिलिक भिंगांचा उंबरठा खोलीच्या तापमानाच्या आसपास ठेवलेला असतो. शस्त्रक्रियेची खोली फार थंड असली तर भिंग उलगडायला वेळ लावते, डोळ्याच्या उबेत गेले की सावकाश उलगडते.

शेवटी शेकायच्या रबरी पिशवीविषयी, कारण थंडीच्या दिवसांत भाजलेले पाय आमच्याकडे येऊ लागतात. रबर म्हातारे होते. हवेतला ऑक्सिजन आणि ऊन साखळ्यांवर काम करत असतात. साखळ्या तुटल्या तर रबर चिकट होते, जादा गाठी पडल्या तर ते कडक होऊन त्याला चिरा पडतात. उकळत्या पाण्याने हे काम आणखी वेगाने होते. पिशवी भरण्यापूर्वी ती पिळून, शिवणीपाशी वाकवून पाहा. बारीक चिरा दिसल्या, बोटाला चिकट लागली, तर ती टाकून द्या, कितीही कमी वापरलेली असो. उकळते पाणी भरू नका, गरम भरा, तेही दोन तृतीयांशच, वरची हवा दाबून काढा आणि मगच बूच घट्ट लावा. पिशवी टॉवेलात गुंडाळून वापरा. काम झाले की पाणी काढून, कोरडी करून, उन्हापासून दूर लटकवून ठेवा आणि तिला तेलाचा हात लागू देऊ नका. तान्ह्या बाळाच्या कुशीत, लुळ्या पडलेल्या अंगाला आणि मधुमेह्याच्या पायाशी ती ठेवूच नका, तिथे लोकरीचे मोजे आणि आणखी एक गोधडी पुरते.